एका परातीत सहा हात : मोरोक्कोत जेवायचं कसं

फेस शहरातल्या एका घरी शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो होतो. बुटकं गोल टेबल, भोवती भिंतीला लागून गाद्या, मधोमध कुसकुसची (वाफवलेल्या रव्याच्या बारीक दाण्यांची) भलीमोठी परात. ताटं कधी येतात याची मी वाट पाहत होतो, पण ताटं आलीच नाहीत. घरातले पाचजण "बिस्मिल्ला" म्हणून थेट परातीकडे वळले आणि घरच्या बाईंनी पाहुणा म्हणून माझ्या हातात एक चमचा दिला. तांब्याला कुणी तोंड लावलं तर आजी तो तांबा पुन्हा घासायला टाकायची, अशा घरात मी वाढलो. दोन मिनिटं चमचा हातात धरून नुसता बसून राहिलो.

मग हळूहळू दिसायला लागलं, की परातीत रेषा काढलेल्या नसल्या तरी हद्दी पक्क्या आहेत. ज्याच्या समोर जो भाग, तो त्याचा. कडेपासून मध्यापर्यंत एक त्रिकोण, केकच्या तुकड्यासारखा. शेजाऱ्याच्या त्रिकोणात हात घालणं हा तिकडे उघड असभ्यपणा. म्हणजे परात एक, पण उष्टं कुणाचंच नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसली की मोरोक्कोतलं निम्मं जेवण सोपं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी पुढच्या पायऱ्या.

१. तिकीट काढण्याआधी वार आणि महिना बघा

शुक्रवार हा कुसकुसचा वार. दुपारच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुस, आणि जुन्या शहरातली (तिकडचा शब्द 'मदिना') बरीच दुकानं दुपारी बंद. आठवडाभर जे हॉटेल 'कुसकुस' अशी पाटी लावून बसतं, तिथलं कुसकुस बहुधा प्रवाशांसाठी घाईत केलेलं असतं. खरं खायचं तर शुक्रवारी दुपारी, स्थानिक लोक जातात त्या खाणावळीत एकच्या सुमारास जाऊन बसा. तीनपर्यंत परात संपलेली असते.

दुपारचं जेवण हेच मुख्य. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास चहा आणि काहीतरी पिठाचं, याला 'कास्क्रूत' म्हणतात. रात्री नऊच्या आधी घरचं जेवण क्वचितच. आपल्याला साडेसातला भूक लागते, तेव्हा तिथल्या हॉटेलात आपण आणि दोन जर्मन म्हातारे एवढेच असतो.

रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो तुमच्या तारखांत येतो का ते आधी तपासा. का, ते पुढे सांगतो.

२. आठ-दहा शब्द पाठ करा

रस्त्यावर बोलतात ती अरबी म्हणजे 'दारिजा'. पहाडात आणि दक्षिणेत अमाझिग (बर्बर) भाषा. फ्रेंच जवळपास सगळीकडे चालते, इंग्रजी प्रवाशांच्या भागात. पण खाण्याच्या बाबतीत दारिजातले चार शब्द जेवढं काम करतात तेवढं मोबाइलमधलं भाषांतर करत नाही.

'ल्हम' म्हणजे मांस. आणि इथे आपल्यापैकी अनेकांनी कान टवकारायला हवेत. नुसतं 'ल्हम' म्हटलं की ते गोमांस असू शकतं, मेंढीचंही असू शकतं. गोमांस म्हणजे 'बेग्री', मेंढीचं 'घेन्मी', कोंबडी 'द्जाज', मासे 'हूत'. 'कफ्ता' म्हणजे खिम्याचे गोळे किंवा कबाब, बहुतेक वेळा गोमांसाचे. जे गोमांस खात नाहीत त्यांनी कफ्ता विचारल्याशिवाय मागवूच नये. उंटाचं मांसही मिळतं. फेस आणि माराकेशमध्ये त्याचा बर्गर करून विकतात. डुकराचं मांस मात्र चुकूनही ताटात येणार नाही.

शाकाहारी मंडळींसाठी : "बला ल्हम, बला द्जाज, बला हूत", म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. तिन्ही म्हणा. 'बला ल्हम' एवढंच म्हटलं तर समोरचा प्रेमाने कोंबडी आणून ठेवतो, कारण त्याच्या लेखी ती मांसात मोडत नाही. आणि "वाश फीह ल्हम?" म्हणजे "यात मांस आहे का?" हा प्रश्न भाजीच्या ताजीनलाही (मातीच्या झाकणबंद भांड्यात मंद शिजवलेल्या रश्श्यालाही) विचारा.

हे सांगतोय कारण मी स्वतः फसलो आहे. अॅटलास पर्वतातल्या रस्त्यावर एका धाब्यावर भाज्यांचं ताजीन मागवलं. वर गाजर, बटाटा, मटार सुरेख रचलेले. निम्मं खाल्ल्यावर बटाट्याखाली हाड सापडलं. मालकाला दाखवलं तर तो बिचारा मनापासून गोंधळला : मांस काढून घेतलं होतं की! मांस चवीसाठी खाली घालायचं आणि वाढताना काढायचं, याला तो भाजीचंच ताजीन म्हणत होता. तेव्हापासून मी पोटाची हमी असलेल्या पदार्थांवर आधी भर देतो आणि ताजीनकडे नंतर वळतो.

बाकी शब्द : 'अफाक' म्हणजे कृपया, 'शुक्रान' म्हणजे आभार, 'साफी' म्हणजे बस्स, पुरे. 'ल्ह्साब, अफाक' म्हटलं की बिल येतं. कुणी खाताना दिसलं तर 'बस्सहा' म्हणायचं, 'अंगी लागो' अशा अर्थाने. तुम्हाला कुणी म्हटलं तर उत्तर 'अल्ला यातीक सहा'. एवढं ऐकलं की दुकानदार खूश होतो. भाव कमी करेलच असं नाही, पण वाटी भरून देतो.

३. सुरुवात नाश्त्यापासून करा

नवख्या माणसाला मोरोक्को सगळ्यात सहज उलगडतो तो सकाळी. कारण तिथला नाश्ता पाहिला की आपलंच स्वयंपाकघर वेगळ्या कपड्यात उभं असल्यासारखं वाटतं.

'म्सेम्मन' ही तेल-लोणी लावून घडी घातलेली चौकोनी पोळी, रव्याचा हात फिरवलेली, तव्यावर भाजलेली. 'बघरीर' पाहून कोकणातला माणूस आंबोळी म्हणेल : एकाच बाजूने भाजायची, वरून जाळीच जाळी. त्या भोकांत लोणी आणि मध मुरतो. 'हर्शा' ही रव्याची जाड भाकरी, भुसभुशीत, मीठ-लोण्याची. तिन्ही गल्लीतल्या बायकांकडून तव्यावरून थेट घ्या. हॉटेलच्या बुफेत त्या चामड्यासारख्या होतात.

बरोबर काय लावायचं? मध, ऑलिव्ह तेल, जर्दाळूचा मुरंबा आणि, दक्षिणेकडे असाल तर, 'आमलू'. भाजलेले बदाम, मध आणि आर्गन तेल एकत्र वाटलेलं घट्ट मिश्रण. आर्गनची झाडं मोरोक्कोच्या नैऋत्य भागात, अगादीर-एसाविराच्या पट्ट्यात वाढतात. खाण्याचं तेल भाजलेल्या गराचं असतं, त्याला खमंग वास येतो. न भाजलेल्या गराचं तेल केसांना-त्वचेला लावायचं. बाटली घेताना कुठलं हवं ते स्पष्ट सांगा.

आणि 'बिस्सारा'. थंडीच्या सकाळी फेस किंवा शेफशाऊनच्या गल्लीत एका भांड्यातून वाफा येताना दिसतील, भोवती हमाल, विद्यार्थी, दुकानदार उभे. वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांची, म्हणजे आपण ज्याला फावा बीन्स म्हणतो त्यांची, घोटलेली पातळ आमटी. वरून ऑलिव्ह तेलाची धार, जिरेपूड, हवं तर लाल तिखट. पिठलं आणि आमटी यांच्या मधलं काहीतरी, आणि मांसाचा संबंध नाही. पाच-दहा दिरहमात (एक दिरहम म्हणजे साधारण ९-१० रुपये) पावासकट पोट भरतं. दुकानदार वाटीत ओततो, मधोमध बोटाएवढा खळगा पडतो, त्यात तेल गोल फिरून थांबतं, हिरवट-सोनेरी. तिखट घालू नका लगेच. आधी तसंच एक घास घ्या.

शाकाहाऱ्यांनी एवढी नावं लिहून ठेवावीत : बिस्सारा, 'लुबिया' (टोमॅटोतला पांढरा राजमा), 'अदस' (मसूर), 'झालूक' (भाजलेल्या वांग्याचं टोमॅटो-लसूण घातलेलं भरीत, यात घरची आठवण येते ती येतेच), 'तक्तूका' (ढोबळी मिरची-टोमॅटो). झालूक आणि तक्तूका तिकडे सॅलडमध्ये गणतात. शिजवलेली, कोमट, पावाबरोबर खायची. कांदा-लसणाविना मात्र फारसं काही मिळणार नाही. जैन मंडळींनी फळं, खजूर, सुकामेवा, म्सेम्मन यांच्यावर भिस्त ठेवावी आणि घरून थोडी शिदोरी न्यावी.

४. ताजीन मागवताना

ताजीन हे भांड्याचं नाव आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थाचंही. मातीची उथळ थाळी, वर शंकूसारखं झाकण. कोळशाच्या मंद शेगडीवर ठेवायचं, पाणी अगदी थोडं. वाफ झाकणाला लागून खाली उतरते आणि भाजी-मांस आपल्याच रसात शिजतं. याला दीड-दोन तास लागतात. मागवल्यावर दहा मिनिटांत आलं तर ते शिजलं दुसऱ्याच भांड्यात आणि ताजीन फक्त वाढायला वापरलं. रस्त्याकडेला कोळशांवर रांगेने ताजीनं रटरटत ठेवलेली दिसली तर तिथेच बसा. झाकण उचलून दाखवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

पहिल्यांदा कुठलं? माझं मत विचाराल तर कोंबडी, मिठातलं लिंबू आणि ऑलिव्ह. ते लिंबू म्हणजे मिठात महिनाभर मुरवलेलं. साल मऊ, कडूपणा गेलेला. आपल्याकडे आजारी माणसाला मऊ भाताबरोबर देतात त्या जुन्या लिंबाच्या लोणच्याचा भाऊच, फक्त गूळ-साखर नाही. दुसरं, मेंढीचं मांस आणि आलुबुखारे, वरून तीळ आणि तळलेले बदाम. गोड मांस म्हटल्यावर नाक मुरडू नका, दालचिनी आणि कांद्यात ते गोडपण मुरलेलं असतं.

आता तक्रारीचा मुद्दा. मराठी पाहुण्यांच्या गटात तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "सगळं अळणी आहे हो." मीठ कमी नसतं, तिखट नसतं. जिरे, आलं, हळद, गोड लाल मिरची, दालचिनी, केशर हे सगळं असतं पण जीभ भाजत नाही. टेबलावर मीठ-मिरीच्या ऐवजी मीठ आणि जिरेपूड असते. उकडलेल्या अंड्यावर, भाजलेल्या मेंढीवर ती भुरभुरायची. तिखट हवं तर 'हरीसा' मागा, वेगळ्या वाटीत येईल. बॅगेतून चटणीचा डबा काढायला माझी हरकत नाही, पण कुणाच्या घरी तो काढू नका.

ताजीन खायचं पावाने. तो पाव, 'खोब्ज', गोल, चपटा, बाहेरून टणक. घरी मळून गल्लीतल्या सामाईक भट्टीत, 'फर्रान'मध्ये, भाजून आणण्याची रीत अजून जुन्या शहरांत टिकून आहे. डोक्यावर फळी, फळीवर फडकं, फडक्याखाली पाव अशी पोरं सकाळी दिसतात. पावाचा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून रसात बुडवायचा आणि भाजी चिमटीत पकडायची. भाकरीने पिठलं खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. काटा-चमचा मागितला तर मिळतो.

माराकेशला गेलात आणि मांस खात असाल, तर 'तांजिया'. हीही भांड्यावरून आलेली ओळख : मातीचा उभा, निमुळता गडू. पूर्वापार हा पुरुषांचा स्वयंपाक. गडू घेऊन खाटकाकडे जायचं, तो त्यात मांस, मिठातलं लिंबू, लसूण, जिरे, केशर घालून तोंड कागदाने बांधून देतो, आणि मग गडू हमामच्या (सार्वजनिक न्हाणीघराच्या) भट्टीत गरम राखेत रात्रभर किंवा दिवसभर पुरून ठेवायचा. पाणी तापवण्याच्या जाळावरच जेवणही झालं. काही खाणावळी आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात.

फेसची 'बस्तिला' तर नक्की चाखा : कागदासारख्या पातळ पाऱ्यांत (वर्का) कबुतराचं, आता बहुधा कोंबडीचं, मसालेदार सारण, अंडं, बदाम, आणि वरून पिठीसाखर-दालचिनीची नक्षी. किनारपट्टीवर तिचं मासे-कोळंबीचं रूप मिळतं, त्यात साखर नसते.

५. चौकातल्या गाड्या

माराकेशचा 'जामा अल-फ्ना' चौक संध्याकाळी जेवणाचं मैदान होतो. गाड्यांना नंबर असतात, गाडीवाले रस्त्यात उभे राहून हाताला धरून नेतात, हिंदी सिनेमातल्या नटांची नावं फेकतात. त्याने भुलायचं नाही, त्यावर चिडायचंही नाही. जिथे स्थानिक कुटुंबं बसली आहेत ती बाकं बघा. बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह, सॅलडच्या वाट्या समोर येतात. त्या फुकट नसतात. नको असतील तर लगेच परत करा. भाव आधी विचारा. एवढं केलं तर मजा आहे.

गोगलगाईंच्या सूपच्या गाड्याही तिथेच. टाचणीने गोगलगाय ओढून खायची आणि वर तो काढ्यासारखा मसालेदार रस्सा प्यायचा. सर्दीवर उत्तम असं तिकडे मानतात. मी रस्सा प्यालो. पुढचं जमलं नाही.

संत्र्याचा रस समोर पिळून घ्या, बर्फ नको म्हणा. पाणी बाटलीचंच प्या. उन्हाळ्यात हातगाडीवर फड्या निवडुंगाची लाल-पिवळी बोंडं सोलून देतात, आणि त्यांचं नाव ऐकून आपण थबकतो : 'हिंदिया'! निवडुंग अमेरिकेतला, युरोपीय दर्यावर्दी ज्याला 'इंडीज' समजले त्या भूमीचं नाव या फळाला चिकटलं. आपला त्यात काही हात नाही. सोललेलंच घ्या, सालीवरचे काटे डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना आठवडाभर कळतात.

६. चहा प्या, पण घाई सोडा

दुधाच्या चहाची तलफ असणाऱ्यांनी आधीच मन घट्ट करावं. तिथे चहा म्हणजे 'अताय' : चीनचा गोळीदार हिरवा चहा, ताजा पुदिना आणि साखर, भरपूर साखर. आणि गंमत म्हणजे मोरोक्कोची ही ओळख फार जुनी नाही. राजदरबारी चहा आधी पोचला होता, पण सामान्य घरांत तो आला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. क्रिमियाच्या युद्धामुळे (१८५३ ते १८५६) बाल्टिकच्या बाजूचा बाजार बंद झाला तेव्हा ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपला चहा तांजियर आणि मोगादोर (आजचं एसाविरा) या बंदरांत उतरवला.

करण्याची रीत बघण्यासारखी आहे. चांदीसारख्या चकचकीत किटलीत, 'ब्राद'मध्ये, चहा घालून थोडं उकळतं पाणी ओततात, हलवतात आणि ते पहिलं पाणी एका पेल्यात काढून बाजूला ठेवतात. त्यात चहाचा अर्क असतो. दुसऱ्यांदा पाणी घालून खळबळून ते फेकतात. यात कडवटपणा आणि धूळ जाते. मग बाजूला ठेवलेला पेला परत किटलीत. वर पाणी, एक उकळी, साखरेचे खडे, मुठीने पुदिना. नंतर एक पेला भरायचा, परत किटलीत ओतायचा, असं दोन-तीनदा. चमच्याने ढवळत नाहीत. शेवटी किटली हातभर वर नेऊन धार सोडायची. पेल्यावर फेस यायला हवा. फेस नसलेला चहा पाहुण्याला देणं कमीपणाचं.

साखर कमी हवी तर 'श्विया द सुक्कर' (थोडीशी साखर) किंवा 'बला सुक्कर' (बिनसाखर) असं करण्याआधीच सांगा. मधुमेह असेल तर न लाजता सांगा. तिथेही घरोघरी तो पाहुणा आहे. पेला वरच्या कडेला आणि बुडाला धरायचा, मधे चटका बसतो. दक्षिणेत, वाळवंटाच्या बाजूला, तीन पेले प्यायची पद्धत आहे. पहिल्यावर उठू नका. गालिच्याच्या दुकानातला चहाही प्या. तो प्यायला म्हणून गालिचा घ्यावा लागत नाही, मात्र तासभर जातो.

दुधाची तहान भागवायला एकच आधार : 'नुस-नुस', म्हणजे निम्मं-निम्मं, काचेच्या पेल्यात अर्धी कॉफी अर्धं दूध. शुक्रवारी कुसकुसबरोबर 'ल्बेन' म्हणजे ताक मिळतं, ते मात्र थेट आपलं. दारू परवानाधारक हॉटेलं, बार आणि काही मोठ्या दुकानांतच मिळते. मेक्नेसच्या परिसरात द्राक्षमळे आणि वाइन आहे. रस्त्यावर उघडी बाटली घेऊन फिरू नका.

७. घरी बोलावलं तर

बोलावतील. रेल्वेत ओळख झाली तरी बोलावतात. एकदा औपचारिक नाही म्हणा, दुसऱ्यांदा आग्रह झाला तर हो म्हणा.

जाताना मिठाई, फळं किंवा साखर न्या. खरोखरच साखर : कागदात गुंडाळलेला शंकूच्या आकाराचा साखरेचा ठोकळा लग्नाकार्यात, भेटीला नेण्याची तिथली जुनी रीत आहे. दारू नको. चपला दाराशी, गालिच्यावर पाय ठेवण्याआधी.

जेवणाआधी घरातलं लहान पोर तस्त आणि किटली घेऊन फिरतं. हात तस्तावर धरायचे, ते पाणी घालतं, टॉवेल देतं. तस्तात नुसती बोटं बुडवू नका. यजमान 'बिस्मिल्ला' म्हणेपर्यंत थांबा. उजव्या हाताने, अंगठा आणि दोन बोटांनी खायचं. पाचही बोटं घातली तर अधाशीपणा. हे आपल्याला नवीन नाही, फक्त आपण चार बोटं वापरतो.

कुसकुस हातात गोळा करून खाणं ही कसरत आहे. तळव्यात हलकेच उसळवत लाडू वळतात तसा वळायचा आणि तोंडात टाकायचा. माझा लाडू तिन्ही वेळा शर्टवर. चमचा घ्यायला संकोच नको. कुसकुस हा रव्याचा प्रकार असला तरी उपमा समजू नका. रव्याला पाणी-पीठ लावत हाताने चोळून बारीक दाणे वळतात, रश्श्याच्या भांड्यावर चाळणीचं भांडं ठेवून वाफवतात, परातीत पसरून तेल-पाण्याचा हात देऊन मोकळं करतात, पुन्हा वाफवतात, असं तीनदा. कासाब्लांकाकडे सात भाज्यांचं कुसकुस करतात. मला स्वतःला 'त्फाया' जास्त आवडतो : कांदा आणि मनुका मधात परतून वर घातलेला. २०२० साली युनेस्कोने कुसकुसला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि अर्ज केला होता अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को, ट्युनिशिया या चौघांनी मिळून. कुसकुस मूळचं कुणाचं यावर त्यांचं एरवी कधी एकमत होत नाही.

मांस मधोमध असतं आणि भाजी-कुसकुस खाऊन झाल्यावर शेवटी वाटलं जातं. स्वतःहून त्यावर हात टाकू नका. यजमान तोडून तुमच्या त्रिकोणात सरकवतील, सगळ्यात चांगला तुकडा पाहुण्याला. शाकाहारी असाल तर बसण्याआधीच, बोलावणं आलं तेव्हाच सांगा. परात आल्यावर सांगितलंत तर घरच्या बाईचा दिवसभराचा जीव टांगणीला लागतो.

मग सुरू होतो आग्रह. "कूल, कूल!" म्हणजे "खा, खा!" आपल्या पंगतीतला जिलबीचा आग्रह ज्याने सोसला आहे त्याला सवय आहे, पण एक डाव लक्षात ठेवा : सुरुवातीला हळू आणि थोडं खा. आपण ताट स्वच्छ केलं की 'आवडलं' असा अर्थ होतो. तिथे आपला त्रिकोण रिकामा झाला की यजमान मधून पुन्हा भरतो. पुरे झालं की "शबअ्त, अल्हम्दुलिल्ला" म्हणायचं, म्हणजे "पोट भरलं, देवाची कृपा". हात छातीवर ठेवून म्हणा. दोनदा म्हणावं लागेल.

पावाचा तुकडा खाली पडला तर तो उचलून, ओठांना लावून, पाय लागणार नाही अशा जागी ठेवतात. शिळा पाव कचऱ्यात टाकत नाहीत, वेगळा ठेवतात, जनावरांना देतात. अन्नाला पाय लागला की हात कपाळाशी नेणाऱ्या आपल्या आज्यांना यात काही सांगावं लागलं नसतं.

कुठे नुकतंच बाळंतपण झालेलं असेल तर 'र्फिस्सा' मिळेल : म्सेम्मनचे तुकडे, त्यावर कोंबडी, मसूर आणि मेथ्या घातलेला रस्सा. बाळंतिणीला मेथ्या हव्यातच, हे तिकडेही ठाम. मी मेथीच्या लाडवांबद्दल सांगितलं तेव्हा त्या घरातल्या आजीबाईंनी मान डोलावली आणि मला आणखी रस्सा वाढला.

८. रमजानात

दिवसा बरीच खाणावळी बंद, प्रवाशांच्या भागातली उघडी. परदेशी माणसाला उपवास बंधनकारक नाही, पण भर रस्त्यात पाणीसुद्धा पिऊ नका. खोलीत किंवा हॉटेलच्या आत. दारूची दुकानं बहुतेक बंद असतात. या महिन्यात देशाचं घड्याळ एक तास मागे करतात. गाडीच्या वेळा त्यामुळे चुकतात.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी टॅक्सी शोधू नका, मिळणार नाही. बसा कुठेतरी. भोंगा झाला की अख्ख्या शहरात फक्त चमच्यांचा आवाज. समोर खजूर, दूध, उकडलेलं अंडं, 'हरीरा' (टोमॅटो, मसूर, चणे, कोथिंबिरीचं घट्ट सूप, त्यात अनेकदा मांसाचे तुकडे असतात, विचारा) आणि 'शबाकिया', तीळ लावलेली, तळून मधात बुडवलेली फुलं. एकट्याने फिरणाऱ्याला या वेळी कुणी ना कुणी हाक मारतंच.

९. परतताना काय घ्यायचं

केशर तालिविनच्या भागातलं चांगलं. अख्ख्या काड्याच घ्या, पूड नको. 'रास अल-हानूत' हा तिथला गोडा मसाला म्हणा. प्रत्येक दुकानाचा वेगळा, वास घेऊन निवडा. खजुरात एर्फूदकडचा मेजूल. मिठातली लिंबं घरी करता येतात, ओझं वाहू नका. आणि आमलूची बरणी मोठ्या बॅगेत घाला. सुरक्षा तपासणीत ते द्रवात मोडतं. माझी बरणी कासाब्लांकाच्या विमानतळावर राहिली आणि तिच्याबरोबर आणलेले म्सेम्मन मी विमानात कोरडे खाल्ले.